कापलेल्या लष्करी रायफलीचे मूळ

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफली अमेरिका-कॅनडात स्वस्तात विकल्या गेल्या. शिकाऱ्यांनी पुढचे लाकूड कापले, कधी नळी आखूड केली, दुर्बीण बसवली. त्यामुळे अशा रायफलीच्या बाह्यरूपावरून काहीच ठरवू नये. दस्ताही अनेकदा बदललेला असतो.

पाहायचे ते पोलादावरचे ठसे. पहिल्या महायुद्धातल्या ‘नंबर १’ प्रकारात ते बोल्टच्या दांड्याखाली, दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या भागावर उजवीकडे असतात: मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष. कारखाना एनफिल्ड, बीएसए, ऑस्ट्रेलियातला लिथगो किंवा आपल्या बंगालमधला ईशापूरही असू शकतो. ‘नंबर ४’मध्ये डावी बाजू तपासावी, तिथे ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असेल, तर ती अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीने ब्रिटनसाठी घडवलेली. ‘इंग्लंड’ हा ठसा मात्र फसवा आहे. तो निर्यातीच्या वेळी मारलेला असतो, त्यावरून कारखाना कळत नाही.

बोल्टवरचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळतो का, हेही पाहावे. आणि ‘डीपी’ ही अक्षरे दिसली, तर ती फक्त कवायतीसाठी ठेवलेली रायफल. तिच्यातून गोळी झाडूच नये.