पावसाचे खोटे शून्य

सावेडीतल्या आमच्या गच्चीवर एक छोटे पर्जन्यमापक आहे. नरसाळ्यातून पाणी आत उतरते, इवलीशी झुलती वाटी भरते, कलंडते, रिकामी होते. वाटी किती वेळा कलंडली यावरून यंत्र मिलिमीटरचा आकडा दाखवते. शेतावरून मेहुण्याचा फोन येतो, "दाजी, तिकडं किती?" मग मी ऐटीत आकडा सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री पाऊस धो धो कोसळला. मेहुणा आमच्याकडेच मुक्कामाला होता. सकाळी पाहतो तर आकडा शून्य! नरसाळ्यात कडुनिंबाची पाने अडकली होती. पाने काढली, पण वहीत मुकाट्याने शून्यच लिहिले. महिनाअखेर मी बेरीज सांगितली, तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, त्या रातीचा पाऊस कुठं गेला?"

पाऊस न पडणे वेगळे आणि पडलेला न मोजला जाणे वेगळे, हे तेव्हा उमगले.

गच्चीवरची चूक हसण्यावारी नेता येते. राज्याच्या कारभारात नाही. 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी होते. हिशेब केला तर दिवसाला चौदा लाखांवर आकडे! या ढिगाला विचारायचा प्रश्न मात्र साधा असतो : चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस कोणत्या मंडळात झाला? अतिवृष्टी ठरते ती यावरून, आणि नुकसानीच्या मदतीचा विचारही त्यावरूनच सुरू होतो.

म्हणून आकडे साठवणे हे निम्मेच काम. कोणता आकडा आलाच नाही? आजूबाजूच्या केंद्रांवर सरी आणि मधलेच एक कोरडे कसे? हे आधी विचारायला हवे. आकड्याच्या घरातली रिकामी जागा प्रामाणिक असते. खोटे शून्य मात्र बेरजेत बेमालूम मिसळून जाते.

आमच्याच नगर तालुक्यातले हिवरे बाजार पाऊस आणि विहिरींची पातळी मोजते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिके ठरवते. तिथे आकड्यासमोर माणसे बसलेली असतात. "त्या रातीचा पाऊस कुठं गेला?" असे विचारणारा कुणीतरी हवाच.

वहीतले ते शून्य मी खोडले आहे. तिथे आता लिहिले आहे : 'पाऊस झाला. मोजता आला नाही.'