लोखंडाचा ट्रक, पण माल कुठंय?

दोस्तांनो, चाकणच्या रस्त्यावर लोखंडी पत्र्याची भलीमोठी गुंडाळी घेऊन जाणारे ट्रेलर तुम्ही पाहिलेत ना? आपल्या रक्तातही असाच एक ट्रक धावतो. त्याचं नाव ट्रान्सफेरिन. हे प्रथिन लोहाचे दोन अणू उचलतं आणि पेशींच्या दारात पोहोचवतं.

मेलानोमा हा त्वचेचा घातक कर्करोग. त्याच्या पेशींवर शास्त्रज्ञांना एक प्रथिन सापडलं. १९८६ साली त्याची रचना उलगडली, तर काय, ट्रान्सफेरिनचा जणू भाऊच! म्हणून नाव पडलं मेलानोट्रान्सफेरिन. फरक इतकाच, की हा ट्रक पेशीच्या कुंपणालाच बांधलेला असतो आणि लोहाचा एकच अणू धरतो. भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना लोह जास्त लागतं. ते हाच पुरवत असणार, असं पुष्कळांना वाटलं.

पण खरंच तसं होतं का? २००६ साली सिडनीच्या शास्त्रज्ञांनी हे प्रथिन मुळीच नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या शरीरातला लोहाचा कारभार अगदी सुरळीत! मेलानोमाच्या पेशींत मात्र हे प्रथिन कमी करताच त्यांची वाढ मंदावली. म्हणजे गडी गाठीला मदत करतो, पण लोह पुरवून नव्हे, दुसऱ्याच वाटेनं. ती वाट नीट कळली, तर ती अडवायचा उपायही शोधता येईल.

तेव्हा, नुसत्या नावावरून काम ठरवू नका. तपासून पाहा!