चढलेला घाट उतरताना

बीडहून निघून पाली मागे टाकली की मांजरसुंब्याचा घाट लागतो. वर पोहोचल्यावर फाट्यावर रस्ते फुटतात. एक सरळ सोलापूरकडे, एक पाटोद्यावरून नगरकडे, एक केज-अंबाजोगाईकडे. भरलेला ट्रक या घाटात चालवणारा कुणीही सांगेल, की चढताना इंजिनाची परीक्षा असते आणि उतरताना ड्रायव्हरची. ब्रेकच्या भरवशावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की खेळ खल्लास. परक्या मुलुखात उतरवलेली फौज मागे आणणं हे असंच उताराचं काम आहे. ते भारताने श्रीलंकेत केलं आहे.

आमच्याकडे सैन्यातून आलेल्या माणसाला गाव ‘मेजर’ म्हणतं, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला का असेना. त्यांच्यातले जे ‘लंकेत होतो’ म्हणतात, ते आता साठी ओलांडलेले आहेत. कारगिलबद्दल पोरं त्यांना प्रश्न विचारतात, लंकेबद्दल कुणी विचारत नाही.

29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जे. आर. जयवर्धने यांनी करार केला. तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, तमिळ भागाला प्रांतिक स्वायत्तता मिळायची आणि शांतिसेना म्हणून भारतीय जवानांनी मध्ये उभं राहायचं, असं ठरलं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत वाघांनी, म्हणजे ‘एलटीटीई’ने, करार झिडकारला. ज्यांच्यात समेट घडवायचा त्यांच्यापैकीच एकाशी आपली लढाई जुंपली. जाफना घेतलं, पण युद्ध जंगलात गेलं. पुढे चार डिव्हिजन आणि सत्तर हजारांच्या वर माणसं तिथे गुंतली.

25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या 8 महारच्या तुकडीवर वाघांनी दबा धरून गोळीबार केला. मेजर रामस्वामी परमेश्वरन मागच्या बाजूने वळसा घालून त्यांच्यावर चालून गेले. हातघाईत छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची रायफल हिसकावून त्यांनी त्याला संपवलं आणि शेवटचा श्वास घेईपर्यंत ते हुकूम देत राहिले. मुंबईत जन्मलेल्या या मेजरला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. श्रीलंकेच्या मोहिमेतलं ते एकमेव.

मग निघायची वेळ आली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. शांतिसेना यजमानाच्या बोलावण्यावरून गेली होती. जानेवारी 1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या रणसिंघे प्रेमदासांना ती नकोच होती. दक्षिणेत सिंहली तरुणांच्या जेव्हीपी संघटनेने भारतविरोधी बंड पेटवलं होतं, तो जाळ त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचत होता. 1 जूनला त्यांनी जाहीर सभेत सांगून टाकलं, 29 जुलैपर्यंत निघा. दिल्लीचं म्हणणं होतं, आधी तमिळांची सुरक्षा आणि प्रांताला अधिकार, मग माघार. दिल्लीची मागणी रास्त होती, पण बोलावणाराच जा म्हणाला की परक्या भूमीवरच्या फौजेच्या पायाखालची जमीन सरकते.

18 सप्टेंबरला समझोता झाला. डिसेंबरअखेर माघार पुरी करण्याचा प्रयत्न करायचा ठरलं. ते जमलं नाही. तेवढ्यात दिल्लीत सरकार बदललं आणि विश्वनाथ प्रताप सिंहांनी माघार मार्च 1990 पर्यंत संपवायचं ठरवलं.

माघारीत माणसं रोज कमी होतात, धोका मात्र कमी होत नाही. ठाणं सोडायच्या दिवशी तिथे सगळ्यात कमी जवान असतात आणि शत्रूला ते ठाऊक असतं. मागचे निघेपर्यंत पुढचा रस्ता सुरुंगांपासून राखावा लागतो. दारूगोळा, गाड्या, जखमी हे सगळं बंदरापर्यंत आणायचं असतं. आधी अंपारा, मग बट्टिकलोआ आणि उत्तरेकडचे जिल्हे, शेवटी त्रिंकोमाली, असं एकेक सोडत लेफ्टनंट जनरल ए. एस. कालकट यांनी फौज शिस्तीत बाहेर काढली. सैनिकी काम म्हणून ते चोख झालं.

कच्चं राहिलं ते दुसरंच. आपण सोडलेली जागा सांभाळायला घाईघाईने ‘तमिळ नॅशनल आर्मी’ उभी केली होती. त्यात जबरदस्तीने भरती केलेली कोवळी पोरं होती. आपलं ठाणं उठलं की वाघ त्यांच्यावर तुटून पडत. भारताला माघारीला लावण्यासाठी प्रेमदासा सरकारने वाघांना शस्त्रंही पुरवली होती, हे पुढे उघड झालं. ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांना भारतात आश्रय घ्यावा लागला. आपल्या शब्दावर विसंबलेली ती पोरं तिथेच राहिली, आणि मला या मोहिमेत सर्वात जास्त सलतं ते हेच.

रशियनांचं उदाहरण बघा. 15 फेब्रुवारी 1989 ला जनरल ग्रोमोव्ह अमू दर्यावरचा पूल ओलांडून अफगाणिस्तानातून निघाले. मागे राहिलेलं नजीबुल्ला सरकार मॉस्कोतून रसद येत होती तोवर टिकलं, ते पडलं 1992 मध्ये. अमेरिकेचा शेवटचा सैनिक 30 ऑगस्ट 2021 ला निघाला, त्याच्या पंधरा दिवस आधीच काबूल पडलं होतं. माघारीनंतर पगार, दारूगोळा आणि विश्वास पुरवणारं कुणी मागे उरतं का, यावर सगळं ठरतं.

24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. मद्रासला तिच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. जून उजाडला आणि वाघांनी प्रेमदासांशीच युद्ध पुकारलं. शरण आलेल्या शेकडो पोलिसांना त्यांनी ठार केलं. 1991 मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी गेले, 1993 मध्ये कोलंबोत प्रेमदासा. करारावर सही करणारा आणि फौज घालवणारा, दोघांचाही घात वाघांच्या बॉम्बने केला. युद्ध 2009 पर्यंत चाललं.

आपण निघालो ते बरोबरच केलं. आणखी थांबून आणखी शवपेट्याच आल्या असत्या. त्या मोहिमेत आपले सुमारे 1,200 जवान गेले. कोलंबोजवळ बट्टारामुल्ल्याला श्रीलंकेने त्यांचं स्मारक बांधलं, तिथे त्यांची नावं कोरली आहेत.

येत्या 24 मार्चला आपल्या गावातल्या लंकेला जाऊन आलेल्या मेजरकडे जा. सोबत घरातल्या पोरांना न्या. मेजरना विचारा, कुठल्या ठाण्यावर होता, कोण सोबत होतं, कोण परत आलं नाही. आणि ते बोलू लागले की मध्ये बोलू नका.