व्हॉट्सॲपच्या कुलपामागची ७७ अंकी मूळ संख्या : सगळ्यांना माहीत, तरी कुलूप उघडत का नाही?

हिंजवडीच्या शिवाजी चौकात कोंडीत अडकलेल्या कुणी घरी ‘उशीर होतोय, जेवून घ्या’ असा मेसेज टाकला, तर तो वाटेत कुणालाही वाचता येत नाही. मेसेजला लागणाऱ्या या कुलपामागे एक ठरावीक मूळ संख्या आहे : २ चा २५५ वा घात वजा १९.

ही संख्या ७७ अंकी आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. डॅनियल बर्नस्टाइन या अमेरिकी गणितज्ञाने २००६ च्या शोधनिबंधात मांडलेली ‘कर्व्ह२५५१९’ ही पद्धत तिच्यावर उभी आहे. व्हॉट्सॲप आणि सिग्नल दोन्ही ती वापरतात.

मूळ संख्याच का?

१२ तासांचं घड्याळ घ्या. त्यावर १ ला ४ ने गुणलं तर ४ येतात. ४ ला ४ ने गुणलं तर १६, म्हणजे पुन्हा ४ च! उत्तरावरून सुरुवात कुठून झाली ते कळत नाही. घड्याळ २९ सारख्या मूळ संख्येचं असेल, तर हा गोंधळ होत नाही. शून्य सोडून कोणत्याही संख्येने बिनचूक भागता येतं. कुलपाच्या गणिताला नेमकं हेच लागतं.

वजा १९ च का?

२ च्या २५५ व्या घातातून १ वजा केला, तर उरलेल्या संख्येला ७ ने भाग जातो. असं खाली उतरत गेलं की पहिली मूळ संख्या वजा १९ वर भेटते.

२ च्या घाताजवळ असण्याचा फायदा छोट्या उदाहरणात पाहा. २९ म्हणजे ३२ वजा ३. १०० मध्ये ३२ तीन वेळा बसतात, वर ४ उरतात. प्रत्येक ३२ च्या जागी ३ धरा : ९ अधिक ४, म्हणजे १३. १०० ला २९ ने भागल्यावर बाकी हीच! दोनाच्या भाषेत चालणारा फोन अशीच युक्ती १९ वापरून करतो, म्हणून साध्या फोनवरही काम झटपट होतं.

मग गुपित कोणतं?

मूळ संख्या उघड असते. गुपित असते ती प्रत्येक फोनने स्वतः निवडलेली प्रचंड मोठी संख्या. तिच्यापासून उघड चावी बनवणं सोपं, पण उघड चावीवरून ती शोधायला आजच्या माहीत असलेल्या पद्धतींनी ३८ अंकी संख्येइतक्या पायऱ्या लागतील. पुरेसा मोठा क्वांटम कंप्युटर बनला तर हे गणित मोडू शकतं. म्हणून सिग्नलने २०२३ मध्ये आणखी एक वेगळं कुलूप जोडलं.

हे कुलूप मेसेजला वाटेत सांभाळतं. ऑफिसच्या कंप्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवून चहाला गेलात, तर ७७ अंकी संख्याही काही करू शकत नाही.