पेपर ऑनलाइन घेतला की फुटत नाही?

‘परीक्षा एकदाची ऑनलाइन करून टाका, पेपर फुटायचाच बंद होईल.’ बीडमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीटच्या तयारीला लागलेल्या मुलांचे आईवडील भेटले की हे वाक्य ऐकू येतंच. 2024 च्या नीटनंतर तर फारच. पोराचं वर्ष पणाला लागलेलं असतं, त्यामुळे चीड समजते. पण हे म्हणणं खरं नाही.

2024 मध्ये झारखंडमधल्या हजारीबागच्या केंद्रात पेटी उघडून नीटचा पेपर काढला गेला, असं सीबीआयचा तपास सांगतो. तो कागदावर होता म्हणून फुटला का? नाही. ज्यांनी राखायचा, त्यांनीच तो दिला. आरोग्य विभागाची 2021 ची भरती आठवा. पुणे पोलिसांच्या तपासानुसार तो पेपर विभागातल्याच अधिकाऱ्यांकडून बाहेर गेला आणि अटक झालेल्यांत आपल्या बीड जिल्ह्यातलेही होते. परीक्षेआधीच विकला गेलेला पेपर छापला काय नि पडद्यावर दाखवला काय!

2021 चीच अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन संगणकावर होती. तरी हरियाणातल्या सोनीपतच्या केंद्रातले संगणक दुरून ताब्यात घेऊन दुसऱ्यांनीच प्रश्न सोडवले, असा सीबीआयचा आरोप आहे. त्यात 2022 मध्ये एका रशियन हॅकरला अटक झाली. ऑनलाइनमुळे छपाई, वाहतूक, पेट्या वाचतात, हा फायदा खरा. पण धोका मग केंद्राच्या खोलीत आणि सर्व्हरवर येऊन बसतो. म्हणून पालकांनो, केंद्र कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी विचारा.

शिवाय 2025 ला नीट-यूजीला 22 लाखांहून जास्त मुलं बसली. एवढे संगणक एकाच वेळी कुठून आणणार? मग अनेक सत्रं, वेगवेगळे पेपर आणि गुणांचं समानीकरण आलं. डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी संगणकावरच होते; 2024 ला ती दोन सत्रांत झाली, ओरड झाली आणि 30 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने एकाच सत्राचा आदेश दिला.

आणखी दोन गैरसमज. ‘नेट गेलं की उत्तरं उडतात’: नाही, ती केंद्रातल्या सर्व्हरवर साठत जातात.

‘एमबीबीएसही आता ऑनलाइनच’: तेही नाही. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा पेपर हातानेच लिहितात. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन परीक्षकाच्या पडद्यावर तपासल्या जातात, एवढंच. बहुपर्यायी प्रश्नांना जास्तीत जास्त 20 टक्के गुण. आणि प्रात्यक्षिकाला वॉर्डात रुग्णाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा बोटांना लागते का, हे परीक्षकासमोर सांगावंच लागतं.