विश्लेषण : एकाच टेबलावर ‘फिक्कं’ आणि ‘फक्कड’! व्हिएतनामी जेवणाबद्दल मते इतकी वेगळी का?

सातारा-सांगलीकडची अनेक मुले नोकरीसाठी पुण्यात असतात. सुटीत आई-वडील आले, की ‘या वेळी काहीतरी वेगळं’ म्हणून त्यांना एखाद्या साध्याशा व्हिएतनामी रेस्तराँमध्ये नेले जाते. बाहेर पडताना मुलगी खूश असते, वडील ‘आजारी माणसाचं जेवण’ म्हणतात आणि आईने संशयापोटी वाटीला हातच लावलेला नसतो. पदार्थ तेच, आचारी तोच. मग असे का होते?

फो म्हणजे नेमके काय?

तांदळाच्या शेवया, मांसाचे पातळ काप आणि गरम, पारदर्शक रस्सा. लिहिताना ‘फो’ लिहितात, मूळ उच्चार मात्र ‘फऽ’च्या जवळ जातो. व्हिएतनाममध्ये हा प्रामुख्याने सकाळच्या नाश्त्याचा पदार्थ. हाडे तासन् तास मंद आचेवर उकळून रस्सा करतात. त्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा आणि आचेवर भाजलेले कांदा-आले पडते. म्हणजे मसाले आपल्या डब्यातलेच. पण अख्खे टाकायचे आणि शेवटी गाळून काढायचे. मूळ फो गोमांसाचा किंवा कोंबडीचा. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा अधिक कडक झाल्याने मूळ गोमांसाची चव इथे शोधण्यात अर्थ नाही. व्हिएतनाम फिरून आलेल्यांचा हिरमोड होतो, त्याचे हे एक कारण.

मग तो फिका का लागतो?

कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेल्या जिभेला रस्सा म्हणजे तिखट, तर्रीदार आणि भाकरी कुस्करण्याजोगा हवा असतो. फोची वाटी तशी नसतेच. शिवाय ती अर्धवट येते, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. सोबतच्या ताटलीत मोड आलेले मूग, लिंबू, मिरचीचे काप, तुळशीच्या जातीतली सुवासिक पाने, कोथिंबीर आणि बाजूला तिखट सॉस असतो. ही सजावट नव्हे. लिंबू पिळायचे, पाने तोडून टाकायची, मिरची झेपेल तेवढी घालायची. मग चव घेऊन पुन्हा काही वाढवायचे.

मिसळ खाणाऱ्याला हे शिकवायला नको. कट वेगळा, कांदा-लिंबू वेगळे, फरसाण आपल्या अंदाजाने. कट बाजूला ठेवून कोरडे फरसाण खाल्ले आणि ‘मिसळ बेचव’ म्हटले, तर साताऱ्यात कोण ऐकून घेईल? वाटी समोर ठेवताना वाढप्याने एवढे दोन शब्द सांगितले, तरी निम्म्या तक्रारी टळतील. ताटलीच आली नाही किंवा पाने सुकलेली आली, तर मात्र दोष स्वयंपाकघराचा. रस्सा कोमट असेल तरीही. फो चटका बसेल इतका गरमच हवा.

‘व्हेज’ म्हणजे शाकाहारीच का?

आईचा संशय इथे रास्त ठरतो. व्हिएतनामी स्वयंपाकात मीठ बऱ्याचदा फिश सॉसच्या रूपाने जाते. बारीक समुद्री मासे मिठात कित्येक महिने मुरवून त्याचा अर्क काढतात. तो रश्श्यात असतो, कोशिंबिरीत असतो, रोलबरोबरच्या लिंबू-साखर-लसणाच्या आंबटगोड चटणीतही असतो. दिसत काहीच नाही. त्यामुळे घरातल्या माळकरी माणसासाठी ‘यात चिकन आहे का?’ हा प्रश्न पुरत नाही. ‘नाही’ हे उत्तर खरे असूनही वाटीत मासा असू शकतो. भाज्यांच्या फोबद्दलही रस्सा कशात उकळला, फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस आहे का आणि चटणी कशाची, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत मेनूकार्डवर पदार्थासमोर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह आणि ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची माहिती देण्याची तरतूद आहे. पण चिन्ह रोलपुढे असते आणि चटणीची वाटी नंतर येते! शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. दाण्याचा कूट आणि दाण्याची चटणी इथेही सढळ हाताने पडते.

शुद्ध शाकाहार व्हिएतनामला परका आहे, असे मात्र नाही. तिथे शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात (चहा नव्हे!). अनेक बौद्ध कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, मांस-मासे वर्ज्य करतात. त्या दिवशी फिश सॉसची जागा सोया सॉस घेतो. म्हणजे ‘आमच्यात असं होत नाही’ ही सबब ऐकून घ्यायची गरज नाही.

पहिल्यांदा काय मागवावे?

राइस पेपरचे ताजे रोल थंडच येतात. ‘गरम करून आणा’ म्हणू नये. तळलेले रोल वेगळे असतात आणि ज्येष्ठांना ते बहुधा अधिक रुचतात. ‘बान् मी’ हा फ्रेंच राजवटीतून आलेल्या पावाचा प्रकार : कुरकुरीत कवच, आत गाजर-मुळ्याचे आंबटगोड लोणचे. पाव मऊ पडला असेल, तर परत पाठवायला हरकत नाही.

बिलात सेवा शुल्क आपोआप लावलेले दिसले, तर ते काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तसे सांगतात. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. तक्रारीसाठी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

कॉफीवर मात्र घरात सहसा भांडण होत नाही. जगात ब्राझीलनंतर सर्वाधिक कॉफी व्हिएतनाममध्ये पिकते, तीही बहुतांश कडक रोबस्टा. ती छोट्या धातूच्या गाळणीतून थेंबथेंब कंडेन्स्ड मिल्कवर उतरते. आपल्याकडे गोडाचे वावडे कोणाला? फोला नावे ठेवणारे वडीलही दुसरा कप मागवतात.