घरही शिकवते

मंडळी, पोर सारखे "का?" विचारू लागले की आपण त्याला गप्प बसवतो. पण शिकणे तिथूनच तर सुरू होते! अमेरिकेतले शिक्षक जॉन होल्ट हेच सांगत. 1977 साली त्यांनी बोस्टनहून शाळेविना वाढणाऱ्या मुलांविषयी एक नियतकालिक काढले. ठरीव धडे नकोत. घरच्या व्यवहारातून, आपल्या कुतूहलाच्या वाटेने मुलाला शिकू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. त्याआधीच आपल्याकडे, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती. तिथे शाळाच मुलांकडे गेली.

मग मुलाला शाळेतून काढावे का? छे! 2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला आहे. गरिबाच्या लेकीने तो सोडून कसे चालेल? आपण घ्यायचे ते एवढेच, की घरही शिकवते.

डेअरीची पावती मुलीच्या हाती द्या. समजा, दूध 4 लिटर, दर 35 रुपये. हिशेब तिलाच मांडू द्या. चुकली तर लगेच सांगू नका. पैसे मोजताना चूक तिची तिलाच उमगेल.

मात्र राबवणे म्हणजे शिकवणे नव्हे. दिवसभर शेण काढायला लावले, तर पोरीला प्रश्न सुचायला उसंत कुठली?

आणि गुरुजी, उद्या वर्गात विचारून पाहा, "काल घरी काय काय केलेत?" फळ्यावरचे गणित त्या उत्तरांतूनच निघेल.